विचारलं की सांगावं: येशूविषयी शेजाऱ्यापाजाऱ्यांशी कसं बोलावं

मी नगरची. सगळी नोकरी शाळेत शिकवण्यात गेली. आता शनिवारी संध्याकाळी आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, तरुण मुलामुलींना घेऊन बसते. आम्ही शास्त्र वाचतो, गाणी बसवतो, पण फिरून फिरून एक प्रश्न येतोच: बाई, कॉलेजातल्या, ऑफिसातल्या, बिल्डिंगमधल्या लोकांना येशूबद्दल सांगायचं तरी कसं? काही मुलं घाबरतात, लोक म्हणतील ‘आले धर्मांतर करायला’. काही इतकी उत्साही असतात की समोरच्याला बोलायला जागाच ठेवत नाहीत. दोघांनाही मी बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय उघडायला लावते. पेत्र हा येशूचा शिष्य. तुमच्या आशेबद्दल कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, आणि ते सौम्यपणे द्या, असं पेत्र तिथे लिहितो. कुणी विचारावं इतकी ओळख हवी, विचारल्यावर सांगता येईल इतकी तयारी हवी आणि सांगताना आवाज चढता कामा नये. माझी सगळी शिकवण या वचनातच आली. खाली लिहिलंय ते फक्त ते रोजच्या जगण्यात कसं करायचं याबद्दल.

लोक काय विचारतात

महाराष्ट्रात मराठी ख्रिस्ती माणसाला विषय काढावा लागत नाही, लोकच काढतात. ‘आडनाव तर आपलंच दिसतंय, मग तुम्ही ख्रिश्चन कसे?’ हा पहिला प्रश्न. ‘घरी इंग्रजी बोलता का?’ हा दुसरा. ‘तुमच्यात मंगळसूत्र घालतात का?’ हा तिसरा. काही मुलांना अशा प्रश्नांचा राग येतो. येऊ देऊ नका. विचारणारा बहुतेक वेळा निव्वळ कुतूहलाने विचारतो, आणि आपल्या घरचं सांगायला याहून चांगली संधी मिळत नाही.

उत्तर आपल्या घराण्यापासून सुरू करा. आजीपणजीची हकिगत माहीत नसेल तर आधी घरातल्या म्हाताऱ्यांजवळ बसून ती ऐकून घ्या. मी सांगते की माझी पणजी दुष्काळात मिशनच्या आश्रयाला आली. त्यावर कुणी ना कुणी म्हणतंच, ‘म्हणजे भाकरीसाठी धर्म बदलला.’ तेव्हा चिडायचं नाही आणि लपवायचंही नाही. मी म्हणते, हो, भूक होती म्हणूनच ती तिथे पोचली. पण दुष्काळ सरला, पाऊस पडला, शेतं पिकली, तरी ती परत गेली नाही. तिथे तिला अक्षरं मिळाली. ज्या विहिरीवर तिला उभं राहू देत नव्हते तसल्या विहिरीचं पाणी मिळालं. आणि म्हातारपणी डोळे गेल्यावरही तिला स्तोत्रं तोंडपाठ होती. हे सांगून झालं की बहुतेक जण गप्प होतात आणि मग खरा प्रश्न विचारतात: त्या स्तोत्रांत असतं काय?

पूजेबद्दलही विचारतात. समोरच्या काकूंनी मला एकदा विचारलं, ‘तुमच्या देवाला नैवेद्य काय दाखवता?’ मी त्यांना आमच्या हंगामाच्या सणाबद्दल सांगितलं. त्या दिवशी लोक चर्चमध्ये बाजरीची पोती, वांगी, भोपळे, अंडी, एखादी पाय बांधलेली कोंबडी असं आपापल्या कष्टाचं घेऊन येतात, वेदीपुढे ठेवतात आणि उपासना झाली की त्याचा लिलाव होतो. एक लिंबू कधीकधी शंभर रुपयांना जातं. काकूंना ते फार आवडलं. ‘म्हणजे देवाला शेतातलं पोचतं,’ त्या म्हणाल्या. मी म्हटलं, पोचतं, आणि पैसे मंडळीच्या कामाला लागतात. आमच्या श्रद्धेची पहिली ओळख त्यांना अशी झाली.

वाद नको, गोष्ट सांगा

त्रैक्य काय, अवतार आणि देवाचा पुत्र यांत फरक काय, बायबल खरं कशावरून, असल्या वादात पहिल्याच भेटीत शिरू नका. त्यात जिंकलात तरी माणूस गमावता. येशूने स्वतः लोकांना काय सांगितलं? गोष्टी सांगितल्या. पेरणीच्या, द्राक्षमळ्याच्या, हरवलेल्या मेंढराच्या. आपणही त्याच सांगाव्यात, पण शुभवर्तमानातली, म्हणजे येशूचं चरित्र सांगणाऱ्या बायबलमधल्या पुस्तकांतली, वाक्यं घोकून दाखवू नका. घरात बोलता तसं बोला.

लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातली उधळ्या पुत्राची गोष्ट मी अशी सांगते. एका शेतकऱ्याला दोन मुलगे. धाकटा एक दिवस म्हणाला, माझी वाटणी आत्ताच द्या. इथे मी थांबते. आमच्या जिल्ह्यात बाप जिवंत असताना वाटणी मागून ती विकून टाकणं म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. ऐकणाऱ्याच्या घरात किंवा भावकीत ते घडलेलं असतं. बापाने दिली. पोरगा पैसे घेऊन शहरात गेला, सगळे उडवले. वर दुष्काळ पडला. दुसऱ्याची डुकरं राखायची पाळी आली आणि डुकरांपुढच्या शेंगांनी तरी पोट भरावं असं वाटायला लागलं. तेव्हा त्याला घर आठवलं. बापाच्या पाया पडून काय बोलायचं ते त्याने रस्ताभर पाठ केलं. पण बापाने लांबूनच ओळखलं, आणि तो म्हातारा सगळ्या गावादेखत धोतर सावरत पळत सुटला, पोराच्या गळ्यात पडला. पाठ केलेलं पुरतं बोलूही दिलं नाही. पायांत जोडे, अंगात चांगला झगा, घरात जेवणावळ. थोरला शेतातून आला, गाणंबजावणं ऐकलं आणि दारातच अडला. आत येईना. बाप त्यालाही समजवायला बाहेर आला. गोष्ट इथेच थांबते. थोरला आत गेला की नाही ते येशूने सांगितलं नाही.

आणि मीही इथेच थांबते. ‘म्हणून देव आपल्यावर प्रेम करतो’ हे शेपूट लावत नाही. चहा ओतते, वाट बघते. काकू त्या दिवशी बऱ्याच वेळाने म्हणाल्या, ‘बापानं पळायला नको होतं. पोराला पाया पडू द्यायचं होतं आधी.’ मी म्हटलं, बरोबर आहे, कुठलाही बाप तेच करील. पण येशूचं म्हणणं असं की देव पळत येतो. त्यावर त्या आपल्या धाकट्या दिराबद्दल बोलायला लागल्या आणि आमचं बोलणं दुपारभर चाललं. त्यात येशूचं नाव पुन्हा फारसं आलं नाही. गोष्ट आपलं काम करत होती, मला मध्ये पडायची गरज नव्हती.

मराठीत ही रीत आजची नाही. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण 1616 साली गोव्यात छापलं गेलं ते ओवीत, कारण पुराण ऐकत वाढलेल्या माणसाला ख्रिस्ताची कथाही ओवीतच कानात शिरते. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग रचले, कीर्तनं केली. नगरकडे ख्रिस्ती कीर्तन अजून होतं आणि टाळ-ढोलकीवर टिळकांची भजनं ऐकायला वारकरी घरातली माणसंही येऊन बसतात. मुलांनो, गिटार जरूर शिका. पण दोन भजनं ढोलकीवरही बसवा.

स्वतःचं सांगताना

आम्ही याला साक्ष म्हणतो. शनिवारच्या वर्गात मी प्रत्येकाला आपली साक्ष लिहायला लावते: एका पानात मावेल एवढी, तोंडी तीन-चार मिनिटांत संपेल अशी. नियम दोनच. घडलं त्यापेक्षा वाढवून सांगायचं नाही. आणि आधी मी किती वाईट होतो हे रंगवण्यात अर्धा वेळ घालवायचा नाही. व्यसन सुटलं असेल तर सांगा. पण बहुतेक मुलांचं तसं काही नसतं. ती ख्रिस्ती घरात वाढली, रविवारच्या शाळेत गेली आणि एखाद्या वेळी, परीक्षेत किंवा घरच्या भांडणात, त्यांना कळलं की ही श्रद्धा आईवडलांची नाही, माझी आहे. तेवढंच सांगा. ते पुरतं.

माझं मी असं सांगते. यजमान आजारी पडले तेव्हा मी आणि अख्ख्या मंडळीने प्रार्थना केली. ते बरे झाले नाहीत. शेवटच्या आठवड्यात मंडळीतल्या बायकांनी पाळी लावून रात्री माझ्यासोबत दवाखान्यात काढल्या. त्यांतली एक रोज पहाटे तेविसावं स्तोत्र हळू आवाजात म्हणायची. मृत्यूच्या छायेच्या दरीतून जातानाही तू माझ्यासोबत आहेस, ही ओळ मी लहानपणापासून म्हणत आले होते, त्या पहाटे ती मला पहिल्यांदा ऐकू आली. यजमान गेल्यावर एका जुन्या सहकारी बाईंनी विचारलं, ‘मग तुमच्या देवानं का नाही वाचवलं?’ मी म्हटलं, माहीत नाही. पण तो मला सोडून गेला नाही, एवढं माहीत आहे. आजही मी एवढंच म्हणू शकते. सगळं ठीक झालं अशी साक्ष देणाऱ्यापेक्षा अशा उत्तरावर लोक जास्त विश्वास ठेवतात, कारण त्यांच्याही घरात माणसं गेलेली असतात.

आजारपण, पैसा आणि आपल्या हाताखालची माणसं

हा भाग मी फार गंभीरपणे शिकवते. आपल्यावरचा संशय इथूनच येतो, आणि आपण नीट वागलो नाही तर तो रास्तच ठरतो.

शेजारी आजारी असेल तर जा, डबा द्या, रिक्षा बोलवा. प्रार्थना करायची इच्छा असेल तर आधी विचारा: ‘मी तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?’ हो म्हटलं तर दोन मिनिटांची, साध्या मराठीत आणि येशूच्या नावाने, म्हणजे कुणाला प्रार्थना करताय ते त्यांना कळेल. नको म्हटलं तर हसून ‘बरं’ म्हणा आणि घरी जाऊन करा. तेल, पाणी, रुमाल देऊ नका. ‘विश्वास ठेवा, बरे व्हाल’ म्हणू नका. औषध बंद करा असं तर स्वप्नातही नाही. पत्रकं वाटून रोगमुक्तीची हमी देणाऱ्यांशी आपला संबंध नाही हे स्पष्ट सांगा. दैवी उपायांच्या असल्या जाहिरातींविरुद्ध 1954 पासून केंद्राचा कायदा आहे.

पैशांची मदत केली असेल तर मी पुढे बरेच दिवस धर्माचा विषय स्वतःहून काढत नाही. त्या माणसाला चर्चचं आमंत्रणही देत नाही. तो आला असता तर माझ्या पैशांमुळे आला की येशूमुळे, हे त्यालाही कळलं नसतं. फी भरायची तर भरा आणि विसरा.

शिक्षिका, परिचारिका, साहेब, घरमालक या नात्याने ज्यांच्यावर आपला अधिकार चालतो त्यांच्याशी तर फारच जपून. पंडिता रमाबाईंवर माझं अपार प्रेम आहे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी दुष्काळातल्या मुलींना जवळ केलं, हिब्रू-ग्रीक शिकून बायबल मराठीत आणलं. पण पुण्याच्या शारदा सदनात, त्यांनी विधवांसाठी काढलेल्या शाळेत, काही मुली त्यांच्या प्रार्थनेला बसू लागल्या तेव्हा 1893 मध्ये केवढं वादळ उठलं! रानडे, भांडारकर यांच्यासारखी सल्लागार मंडळी बाजूला झाली. रमाबाईंचं म्हणणं होतं की मी कुणावर बळजबरी केली नाही, फक्त माझ्या खोलीचं दार उघडं ठेवलं. मला त्यांचं पटतं. तरी मी मुलांना सांगते, त्या पालकांच्या जागी बसून बघा. दुसऱ्याचं लेकरू आपल्या ताब्यात असेल तर आईवडलांना माहीत नसलेलं काहीही त्याला शिकवू नका, गाणंसुद्धा. मी शाळेत असताना वर्गात माझ्या श्रद्धेबद्दल बोलले नाही. शाळा सोडून गेलेल्या मुलींनी मोठेपणी घरी येऊन विचारलं, तेव्हा मोकळेपणाने बोलले.

सणवार

दुसऱ्याच्या देवाबद्दल वाईट बोलायचं नाही. घरी, आपल्या आपल्यातही नाही, कारण जे घरात बोलतो ते बाहेर तोंडातून निघतं. प्रसाद घ्यावा की नाही यावर आपल्या मंडळ्यांमध्ये एकमत नाही आणि प्रेषित पौलानेही करिंथ शहरातल्या मंडळीला यावर बरंच लिहावं लागलं होतं. तुमच्या विवेकाला काय पटतं ते ठरवा आणि नम्रपणे एकदाच सांगा. गणपतीत मी काकूंकडे जाते, आरास बघते, आरती सुरू झाली की स्वयंपाकघरात सुनेला मदत करते. प्रसाद घेत नाही हे मी त्यांना फार पूर्वीच सांगितलं होतं, कारणासकट. तेव्हापासून त्या नैवेद्य दाखवायच्या आधी मोदकांतले काही माझ्यासाठी डब्यात काढून ठेवतात. मी गुपचूप टाळत राहिले असते तर त्यांना तो अपमान वाटला असता.

नाताळात आपली पाळी. आमच्याकडे करंज्या, चकल्या, शंकरपाळे, अनारसे असा दिवाळीसारखाच फराळ होतो, केक असतोच. ताटं घरोघर पोचवा, आणि पोराबरोबर पाठवून देऊ नका, स्वतः जा. ‘तुमच्यात पण करंज्या?’ हे ऐकायला मिळेल. बसा, बोला. कॅरलवाले रात्री येणार असतील तर वरच्या-खालच्या मजल्यांना आधी विचारा. लहान बाळ, म्हातारं माणूस, बारावीचा मुलगा असतो कुणाकडे. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नाताळच्या शुभेच्छा टाका. रोज सकाळी वचनं टाकू नका.

वाचायला काय द्यावं

मागितल्याशिवाय पुस्तक देऊ नका, आणि मागितलं तर अख्खं बायबल हातात ठेवू नका. उत्पत्तीपासून वाचायला बसतात, लेवीयपर्यंत येऊन अडकतात आणि बंद करून कपाटात ठेवतात. एकच शुभवर्तमान द्या. बायबल सोसायटी मराठीतली सुटी शुभवर्तमानं अगदी थोडक्या किमतीत देते. घाईच्या माणसाला मार्क, सोळाच अध्याय आहेत. गोष्टी आवडणाऱ्याला लूक. विचारी, वाचन असलेल्या माणसाला मी मत्तयचे पाच ते सात अध्याय, म्हणजे येशूचं डोंगरावरचं प्रवचन, खूण घालून देते. टिळकांचं तसंच झालं. आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. आधी नुसता वाचायचा म्हणून वाचला, पण डोंगरावरच्या प्रवचनापाशी आल्यावर त्यांना तो खाली ठेवता येईना. 10 फेब्रुवारी 1895 ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना मात्र आपला निर्णय घ्यायला पुढे काही वर्षं लागली आणि तो त्यांनी स्वतःच्या मनाने घेतला. घरातल्या एकाने पाऊल उचललं म्हणून बाकीच्यांना ओढू नका, हेही त्या घरात दिसतं.

पुस्तक देताना परूशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारे यहुदी, कोण, रोमी सरकारसाठी कर वसूल करणाऱ्या जकातदारांचा लोकांना इतका तिटकारा का, शोमरोनी माणसाला यहुदी पाण्यालाही शिवू का देत नसत, एवढं आधी सांगा. आपल्याकडे हे पटकन कळतं. ‘वाचलं का?’ म्हणून मागे लागू नका.

कायद्याचं थोडक्यात

घटनेच्या 25 व्या कलमाने प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. 1977 मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ स्पष्ट केला: आपल्या धर्माची तत्त्वं सांगता येतात, पण दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही. मला यात अडचण वाटत नाही. मन बदलणं हे आपलं काम नाही, पवित्र आत्म्याचं आहे. राज्याराज्यांतले नियम वेगळे असतात आणि बदलतात, म्हणून दुसऱ्या गावी कार्यक्रम ठरवताना पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, आणि एखाद्या वकिलाला आधी विचारा. कुणी धमकावलं तर उलट बोलू नका, घोळक्यात वाद घालू नका, तिथून निघा आणि मोठ्यांना कळवा.

चर्चला येऊ का, असं कुणी विचारलं तर

हो म्हणा, पण घरी सांगून या असं म्हणा. कुणाच्या लपूनछपून येण्याला मी साथ देत नाही. तरुण मुलगी असेल तर आईला घेऊन ये म्हणते. पहिल्या रविवारी उपासना किती वाजता सुरू होते, किती वेळ चालते, चपला कुठे काढायच्या की काढायच्याच नाहीत, कधी उभं राहायचं हे आधी सांगा आणि शेजारी बसा. गीताचं पुस्तक उघडून हातात द्या. दानाची थैली फिरेल तेव्हा पाहुण्याने काही टाकायची गरज नाही हे कानात सांगा. प्रभुभोजनाचा रविवार असेल तर तेही आधीच सांगून ठेवा: भाकर आणि प्याला बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतो, तुम्ही बसून राहिलात तर कुणी काही म्हणणार नाही. नाहीतर ताट समोर आल्यावर ते माणूस गांगरतं आणि पुन्हा येत नाही.

उपासना झाल्यावर आपली माणसं उत्साहाने घोळका करतात. एक फोन नंबर मागतो, दुसरा विचारतो ‘मग, कसं वाटलं?’, तिसरा बाप्तिस्म्याचा विषय काढतो. हे आवरा. पाहुण्याला चहापाशी न्या, एखाददोघांशी ओळख करून द्या आणि बसस्टॉपपर्यंत सोडायला जा. तो पुढच्या आठवड्यात आला तर आला. बाप्तिस्म्याचं त्याने स्वतःहून काढलं तरी पाळक त्याला बरेच महिने शिकवतात, घरच्यांशी बोलायला सांगतात, घाई करत नाहीत. आणि नाहीच आला तर सोमवारी जिन्यात भेटेल तेव्हा नेहमीसारखंच, पाणी आलं का म्हणून विचारा.